मावशीचा ओटा

६ मार्च

लिहायचं लिहायचं म्हणत इतके दिवस टाळलं, हे आधीच कबूल करून टाकते. मावशीने आल्या दिवशीच ही वही हातात ठेवली होती. पहिल्या पानावर मी नाव घातलं, दुसऱ्यावर गढीच्या दारात बसणारा बोकड काढला, तिसऱ्यावर समुद्राकडे जाणाऱ्या बसच्या वेळा उतरवल्या, आणि चौथ्याचा बोळा करून खोलीतली डुगडुगणारी खिडकी अडकवली. हे पाचवं पान.

तर, मी मावशीकडे आले आहे. म्हणजे आईने मला पाठवलं आहे. कॉलेज दोनदा सोडलं, बेकरी सोडली, मासेमारीच्या नावेवरचं काम सोडलं. (ती नाव आधी बुडाली, त्यामुळे खरं तर तिने मला सोडलं.) आई फोनवर मावशीला म्हणाली, "ताई, हिचा पाय कुठे ठरत नाही. तुझ्याकडे निदान मातीत रुतेल तरी." हे माझ्यासमोर, स्पीकर लावून.

मावशी पुरातत्त्वाची प्राध्यापिका. जन्मभर तिने जुनी घरं, किल्ले आणि त्यांच्या आजूबाजूची जमीन बघितली. 'बघितली' हा तिचाच शब्द. खणणारे लोक तिला उतावळे वाटतात. "आधी बघावं गं. जमीन कुठे पळून जात नाही." या उन्हाळ्यात ती निवृत्त होणार, आणि त्याआधी तिचं मोठं पुस्तक निघणार.

सध्या तिचा मुक्काम या गढीतच आहे. मी एक आठवडा राहणार आहे. मग समुद्र.

८ मार्च

मावशीची कामाची एक रीत आहे. रोज सकाळी आपण दुसरं कोणीतरी होऊन गढीत शिरायचं. एक दिवस पाहुणा, एक दिवस शिपाई, एक दिवस घरची नवी सून. ती म्हणते, आपण आपण म्हणून शिरलो की फक्त कडी कुठे आहे ते बघतो. सून म्हणून शिरलो की आपल्याला कोण कुठून बघतंय ते कळतं.

आज मी पाहुणी होते. गढी टेकडीवर, तिच्या पायथ्याशी तळं, आणि तळ्याच्या अलीकडच्या काठाने लांबच लांब गवताचा उंचवटा. हाच तो प्रसिद्ध 'मावशीचा ओटा'. प्रसिद्ध म्हणजे पुरातत्त्ववाल्यांत. बोकडाला त्याचं काही नाही, तो वर चरतो.

मावशीने मला ओट्यावर थांबवलं. "काय दिसतं?"

"कासव."

"कासव सोडून."

"तळं."

"तळ्यात?"

"गढी. उलटी."

मावशी जेवढी खुलली तेवढी माझ्या कुठल्याही निकालाच्या दिवशी आई खुलली नाही. तिचं म्हणणं, गढीच्या मालकाने हा ओटा मुद्दाम घातला. पाहुण्याला इथे उभं करायचं, एकदम दोन गढ्या दाखवायच्या, एक सुलटी एक उलटी, आणि मग दबकलेल्या पाहुण्याला वर न्यायचं. भिंती जाड खऱ्या, पण त्या लढायला नाहीत, मिरवायला आहेत. मावशीने तरुणपणी यावर लेख लिहिला, त्यावर नोकरी लागली, मग पुस्तकं, मग तो परीक्षेतला प्रश्न झाला. फूटपट्टीच्या प्रबंधात तर ओट्यावर अख्खं प्रकरण आहे. फूटपट्टी म्हणजे मावशीची विद्यार्थिनी. नाव मी ठेवलं. ती बोलतेसुद्धा मोजून.

मी विचारलं, दिवाणखान्यातल्या जुन्या नकाशात ओटा का नाही? तळं आहे, विहीर आहे, गुरांचा गोठासुद्धा आहे. फूटपट्टी खोकली. मावशी म्हणाली, नकाशा काढणारा आळशी होता. पुस्तकात हेच तिने सभ्य भाषेत लिहिलंय. मला पटलं. मी नकाशा काढला असता तर अर्धी टेकडी राहिली असती.

११ मार्च

आज तोफखाने कळले. आडनाव नव्हे, मावशीने पाडलेलं नाव. दुसऱ्या विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक. त्यांना जिथे तिथे तोफा दिसतात. ओटा बघून त्यांनी लिहिलं की ही तोफा मांडायची जागा आहे आणि मावशीची गढी चांगली लढाऊ गढी आहे. तेव्हापासून दोघांचं छापील भांडण चालू आहे. त्यांचा एक लेख मावशीला तोंडपाठ आहे. "शत्रूचं म्हणणं नीट माहीत असावं," ती म्हणाली. शत्रूही नेटाचा दिसतो. दर वर्षी त्याचं टीकेचं एक लांबलचक पत्र येतं, आणि नेमकं मावशीच्या वाढदिवसाच्या आसपास येतं. योगायोग म्हणायचा.

यंदाचं मात्र आलं नाही. गुडघे गेले, घराबाहेर पडत नाही, असं मावशीला कुणीतरी सांगितलं. "बरं झालं," मावशी म्हणाली, आणि चहात दोनदा साखर घातली.

एक मजा अशी की आजवर ओट्याला कुणी कुदळ लावलीच नाही. गढीच्या विश्वस्तांची परवानगी नव्हती, आणि मावशीला गरज वाटत नव्हती. आता परवानगी आली आहे. ओटा आडवा कापून एक अरुंद चर खणायचा. ओट्याच्या पोटात चांगली रचलेली भर आणि दगडी कड सापडली की ओटा मालकाने घातला हे सिद्ध. मग ते पुस्तकात जाणार, आणि तोफखान्यांचं तोंड कायमचं बंद. मुखपृष्ठावर ओट्याचाच फोटो आहे. प्रुफं महिनाअखेर परत द्यायची आहेत.

"आणि रचलेलं काही नाही सापडलं तर?" मी विचारलं.

फूटपट्टी माझ्याकडे असं बघू लागली, जणू मी देवळात शिट्टी वाजवली.

मावशी हसली. "तर मग माझं सगळं आयुष्य गवतावर गेलं म्हणायचं. खण तू."

१४ मार्च

खणणं मला आवडलं, हे आईला कळता कामा नये. थापीने माती हळूहळू खरवडायची, घमेल्यात भरायची, चाळायची. डोकं रिकामं राहतं आणि हात शहाणे होतात.

मावशी आज शहरात गेली होती, निरोप समारंभाच्या बैठकीला. ("त्यांना मला हार घालायचा आहे. त्याला बैठक कशाला लागते?") फूटपट्टी चराच्या त्या टोकाला टेप लावून बसली होती, मी या टोकाला तळाशी. वरची माती पिवळट. खालची काळी, चिकट, आणि वास थेट आमच्या बुडालेल्या नावेच्या तळासारखा. तिच्यात इवल्या इवल्या गोगलगायींचे शंख ठासून भरलेत, पाण्यात असतात त्या जातीचे. बिचाऱ्या तळ्यातून एवढ्या वर चढून आल्या. त्यांनाही उलटी गढी बघायची असेल.

काळी माती संपते तिथे, अगदी बुडाशी, एक एनॅमलचा मग लागला. पांढरा, निळी किनार, एक टवका उडालेला. जुनं काही असतं तर ट्रेमध्ये ठेवलं असतं. मावशीने सांगितलंय, जुन्या वस्तू ट्रेमध्ये. हा काही जुना नाही, आजीकडे असे होते. घासून धुतला. माझ्या पेल्याला तडा गेलाच होता.

संध्याकाळी कासव परत दिसलं. त्याच्या मागे तळ्याला पूर्ण फेरी झाली, म्हणून वरच्या चाळणीचं काम राहिलं. फूटपट्टीने मोजून एकच शब्द वापरला.

१५ मार्च

मावशी परत आली. ट्रे रिकामा बघूनही नाराज नाही. उलट चहा घेताना आम्हाला समजावून सांगितलं: ओटा ही बघायची जागा. तिथे कुणी खातपीत नसणार. म्हणूनच एक खापरसुद्धा मिळत नाही. वस्तू न मिळणं हाही पुरावाच.

मी माझ्या नव्या मगातून चहा पीत मान डोलावली. मगात चहा छान गरम राहतो.

ती काळ्या मातीकडे मात्र जरा वेळ बघत राहिली. बोटावर घेऊन चोळली, वास घेतला. म्हणाली, "भर घालायला चांगली माती आणवली होती हं मालकाने." मग, थोड्या वेळाने, कुणालाच उद्देशून नाही: "फार चांगली."

आठवडा होऊन गेला, हे आत्ता तिसरं पान उलटताना लक्षात आलं. उद्याची बस धरावी. पण उद्या चराच्या दुसऱ्या बाजूला हात घालायचा आहे आणि तिथे फूटपट्टी वाट लावेल.

१७ मार्च

आज मावशीने चुकून माझा मग उचलला. चहा ओतला, तोंडाशी नेला, आणि थांबली. मग चहा मोरीत ओतून दिला. चांगला चहा! रिकामा मग उलटा करून बूड बघितलं. बुडाला पुसटसा कोंबडा छापलेला आहे, तो मलाही दिसला होता.

"हा कुणाचा?"

"माझा. म्हणजे, सापडला."

"कुठे सापडला?"

"ओट्यात."

"वर? गवतात?"

"नाही गं, बुडाशी. काळी माती संपते ना, तिच्या खाली."

फूटपट्टीने हातातली बशी खाली ठेवली. अगदी आवाज न करता.

मावशी म्हणाली, "आमच्या वसतिगृहात असेच होते. कोंबडा छाप. सगळ्यांचे सारखे, म्हणून मी माझ्या मगाच्या कानाला दोरा बांधायचे." आणि ती हसली, पण हसू मध्येच कुठेतरी राहिलं. मग उठून आपल्या खोलीत गेली. मी फूटपट्टीला विचारलं, तो मग घेतला म्हणून रागावली का? दुसरा आणून देईन.

फूटपट्टी म्हणाली, "तुला कळतंय का, तू काय प्यालीस चार दिवस?"

मी म्हटलं, नीट घासला होता.

मग तिने समजावलं. शाळेतल्या बाईंसारखं, बोटांवर मोजत. हा मग ओट्याच्या खाली. म्हणजे आधी मग पडला, नंतर ओटा आला. हा मग कोंबडा छाप, मावशीच्या तरुणपणीचा. म्हणजे ओटा गढीच्या मालकाचा नाहीच. मावशी पहिल्यांदा इथे आली त्याच्या थोडाच आधी कुणीतरी तळं साफ केलं आणि काठावर गाळ टाकला. त्यावर गवत उगवलं. आणि त्या गवतावर मावशीने...

फूटपट्टीचंही प्रकरण त्याच गवतावर आहे.

मला आता कळलं त्या गोगलगायी तिथे कशा चढल्या.

१८ मार्च

फूटपट्टी सकाळभर तोडगे काढत होती. उंदराने बिळातून नेला असेल. कुणी खड्डा करून पुरला असेल. एका मगावरून काय ठरतं? आणि मग, आवाज बारीक करून: "ठाऊक आहे कोणाला? आपल्या तिघींना."

मला मावशीची फार दया येत होती. मी तिच्या खोलीत गेले. ती पलंगावर प्रुफं मांडून बसली होती, मुखपृष्ठ सगळ्यात वर. मी म्हटलं, "मावशी, मी सांगते की मला तो गवतात मिळाला. माझ्यावर कोणी संशय घेणार नाही. मी किती वेंधळी आहे हे सगळ्यांना माहीत आहे. आईसुद्धा लिहून देईल."

मावशीने चष्मा काढला. "तू वेंधळी आहेस. पण कुठे काय मिळालं ते तू बरोबर सांगितलंस. हे शिकवायला मला विद्यार्थ्यांवर दोन-दोन वर्षं घालवावी लागतात. आता बिघडू नकोस."

मग उठली, माझी थापी घेतली आणि चरात उतरली. निवृत्तीच्या वयाची बाई, साडी खोचून, गुडघ्यावर. चराची उभी भिंत तिने वरपासून खालपर्यंत खरवडून साफ केली. आम्ही दोघी वर उभ्या. भिंत साफ झाली तसं मलाही दिसायला लागलं. काळ्या मातीत तिरप्या रेघा, एकावर एक, पाटीतून ओतल्यासारख्या.

"हं," मावशी म्हणाली. "ही एक पाटी. ही दुसरी. हा गाळ टाकणारा डावखुरा असावा, सगळा उतार एकीकडे आहे. रचलेलं इथे काही नाही. ओतलेलं आहे." एवढं छान वाचत होती की क्षणभर मी विसरले ती काय वाचते आहे ते.

मग तिने फूटपट्टीला हाक मारली. "काढ चित्र. मोजून."

"बाई, पण आपलं..."

"आपलं नंतर. आधी भिंतीचं."

फूटपट्टीने चित्र काढलं. काढता काढता नाक पुसत होती. कागदावर एक थेंब पडला तर तोसुद्धा तिने खोडरबरने टिपला.

२० मार्च

मावशीने प्रकाशकांना फोन केला. मी दाराबाहेर होते. ऐकत नव्हते, बोकडाला बांधत होते.

"मुखपृष्ठ काढा... नाही, दुसरा फोटो नको. पुस्तकच थांबवा... हो, मला माहीत आहे समारंभात प्रकाशन आहे. समारंभात हार आहे ना? तेवढा पुरे... चूक? नाही हो, छपाईची नाही. माझी."

जेवताना जरा गंमत म्हणून मी म्हटलं, "म्हणजे तोफखाने जिंकले."

मावशीने मान वर केली. किती तरी दिवसांनी तिच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकलं. "तो कसा जिंकेल? त्याच्या तोफा कुठे उभ्या आहेत? याच गाळावर. आम्ही दोघं इतकी वर्षं एका उकिरड्यावरून भांडलो." आणि ती हसायला लागली. ठसका लागेपर्यंत हसली. फूटपट्टीही हसली, बहुतेक पहिल्यांदाच. मी पाठ थोपटत होते. नेमकी कोणाची ते आठवत नाही.

पण नंतर बघितलं तर मावशी दिवाणखान्यात त्या जुन्या नकाशासमोर उभी होती. नकाशाला म्हणत होती, "चुकलं माझं. तुम्ही आळशी नव्हतात."

२२ मार्च

मला वाटलं होतं आता चर बुजवायचा आणि सगळ्यांनी घरी. बसची वेळही काढून ठेवली. पण मावशी म्हणते, गाळ गेला की खाली काय आहे ते बघायचं राहिलंच. "इतकी वर्षं मी त्याच्यावर उभी होते. खाली कोण होतं?"

खाली फरसबंदी निघाली! गोल गोट्यांची, मध्ये झिजून घळ पडलेली. अरुंद. तळ्यापासून निघते आणि पाहुण्यांच्या मोठ्या दाराकडे जात नाही. वळून थेट स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला जाते. तो बोकडाचा लाडका कोपरा.

मावशीने सकाळी जाहीर केलं, आज कोणी पाहुणा नाही. आज आपण पाणी भरणाऱ्या. दोन बादल्या तळ्यात बुडवून मी निघाले. मध्यावर हात गळाले. वळणापाशी फरसबंदी जरा रुंद आहे, तिथे बादल्या टेकल्या.

"का थांबलीस?" मावशी.

"हात तुटले."

"तिथेच का?"

"जागा आहे टेकायला."

मावशी खाली वाकली. मी बादल्या टेकल्या तिथल्या गोट्यांना गोल खळगे पडलेले होते. अनेक. एकात एक. फूटपट्टी टेप काढायलासुद्धा विसरली.

मावशी पालथ्या हाताने ते खळगे पुसत म्हणाली, "या सगळ्या जणी इथे टेकत होत्या. आणि मी इथे पाहुणे उभे करत होते. एकीलाही कधी विचारलं नाही, बाई, तू कुठे थांबतेस?"

"उलटी गढी दिसते इथून," मी बघून सांगितलं. "पण हात तुटलेले असले की तिच्यात काही राम वाटत नाही."

"हे लिहून ठेव," मावशी म्हणाली. म्हणून लिहिलं. का, ते कळलं नाही.

रात्रीऐवजी दुपारीच झोपले. हात अजून दुखतायत. बस गेली.

२३ मार्च

मावशीने चराच्या भिंतीच्या चित्राची एक प्रत पाकिटात घातली आणि तोफखान्यांना पाठवायला माझ्याकडे दिली. सोबत एक ओळही नाही; फक्त चित्राच्या तळाशी नवी फरसबंदी काढून 'पाणी वाहायची वाट' एवढं लिहिलेलं. फूटपट्टी चिडली. "त्यांना आयतं कोलीत कशाला द्यायचं?"

मावशी म्हणाली, "त्याने दुसऱ्याकडून ऐकावं हे बरं नाही. बुडालो तर सांगून बुडू."

"ते काय करतील?"

"पत्राने भांडेल. यायचा नाही, गुडघे गेलेत." आणि मग माझ्या हातातलं पाकीट परत घेऊन पत्ता पुन्हा एकदा तपासला. पत्ता तिच्याच हाताने लिहिलेला होता. शिकलेली माणसं अशी.

मी विचारलं, "मावशी, तुम्ही दोघं कधी समोरासमोर भांडलात का?"

"एकदा. परिषदेत. मग त्यांनी मला चहा दिला."

"त्यांनी? मघाशी तर 'तो' म्हणालीस."

"जा, टपाल निघून जाईल."

२६ मार्च

घाईत लिहिते आहे. मावशी सकाळपासून टेबलाशी बसून नवं पहिलं पान लिहिते आहे. त्यात ओटा नाही, बादल्या आहेत. लिहिते आणि खोडते. मघाशी म्हणाली, "या वयात नव्याने सुरुवात करायची म्हणजे... कोणी वाचणार आहे का हे? कोणी भांडणार तरी आहे का?" फूटपट्टी म्हणाली, मी वाचेन. मावशी म्हणाली, "तू वाचशील गं. पण तू ऐकून घेतेस." मी खिडकीशी आले.

खाली एक टॅक्सी थांबली आहे. तिच्यातून एक काठी बाहेर आली, मग एक पाय, मग बऱ्याच वेळाने दुसरा. इस्त्रीचा कोट घातलेले एक उंच आजोबा. त्यांनी दाराकडे बघितलं नाही, गढीकडे बघितलं नाही. काठी टेकत सरळ चराकडे गेले, कोटासकट वाकले, फरसबंदीवर काठी ठोकली, एकदा, परत एकदा. मग मान वर करून एवढ्या मोठ्याने ओरडले की बोकड दचकून उठला:

"बाई! घरात आहात का? पाणी वाहायला कोणी एवढी जाड फरसबंदी घालतं होय? हा तोफा ओढायचा रस्ता आहे!"

मावशीचं पेन खाली पडलं. तिने ते उचललं नाही. माझ्या खांद्यावरून अर्धी बाहेर वाकून ती ओरडली, "अहो, हलू नका तिथून! पाय ठेवलायत तो माझा पुरावा आहे!"

आणि जिना उतरताना मला म्हणाली, "टेप आण. दोन आण."